जेवणानंतरची गोळी

मंदा, तुझा तेरावा झाला, पाहुणे आपापल्या गाड्या धरून गेले, आणि मी पहिलं काम काय केलं असेल तर तुझी गोळ्यांची पट्टी तपासली. तू हसशील. पण मला राहवेना. पट्टी बरोबर होती. जितक्या गोळ्या संपायला पाहिजे होत्या तितक्याच संपल्या होत्या. म्हणजे हिशेबानं तू रोज गोळी घेत होतीस. मग रोज गोळी घेणाऱ्या बाईचं प्रेशर अष्टमीच्या सकाळी एवढं चढतंच कसं, की उपवासाची भगर ढवळता ढवळता हातातला डाव खाली पडतो, तोंड एका बाजूला ओढलं जातं, आणि जिंतूरहून परभणीला पोचेपर्यंत तिला स्वतःचं नाव सांगता येत नाही? डॉक्टरांनी मला फिल्म दाखवली, मेंदूत रक्त कुठं साचलंय ते बोट ठेवून दाखवलं. मी मान हलवत राहिलो. मला विचारायचं होतं ते वेगळंच होतं, आणि ते त्या फिल्मवर दिसत नव्हतं.

भेटायला येणारी माणसं म्हणायची, वेळ आली होती. बायका म्हणायच्या, कपाळावर कुंकू घेऊन गेली, भाग्याची. हे भाग्य तुम्हाला पाहिजे का, असं मी एकीला विचारणारच होतो. आपल्या शीतलनं शेजारून माझा हात दाबला म्हणून गप्प बसलो. पोरगी नांदेडहून आली ती अजून इथंच आहे. तिला भीती वाटते, बाबा एकटे राहिले तर कोणाशी तरी भांडतील. भीती काही खोटी नाही.

कारण मला शक होता, मंदा. कोणाचा ते ठरत नव्हतं, पण होता. आधी मेडिकलवाल्याचा. गोळ्या नकली असतील. मग डॉक्टरांचा. गोळीच चुकीची दिली असेल. मग आपल्या घरातल्या प्रेशर मोजायच्या मशीनचा. तिन्ही तपासून आलो. मेडिकलवाल्यानं खोका काढून दाखवला, बिल दाखवलं, आणि शेवटी म्हणाला, काका, हीच गोळी माझी आई घेते. शीतल म्हणाली, "बाबा, सोडा ना आता. कुणाकुणाला विचारत फिरणार?" मी म्हणालो, सापडेपर्यंत.

तू असतीस तर म्हणाली असतीस, घरात तरी खाकी उतरवा. आयुष्यभर हेच म्हणालीस. मी आधी कंडक्टर, मग तिकीट तपासणीच्या गाडीवर. देवगाव फाट्यावर गाडी थांबवून वर चढलो की माणूस कसा बसलाय यावरूनच मला कळायचं. खिडकीतून लय निवांतपणे बाहेर बघत बसलेला माणूस हटकून बिनतिकिटाचा निघायचा. ती नजर रिटायर झाल्यावर कुठं जाणार? ती घरी आली आणि तुझ्यावर बसली. त्याच सुमाराला तुझं प्रेशर निघालं, म्हणजे मला कामच मिळालं.

आठवतं का, शाळेत तपासणीचं शिबिर होतं, आणि तू गेली होतीस चष्म्याचा नंबर काढायला. मान दुखते, डोकं जड होतं, तर ते डोळ्यांमुळं, अशी तुझी पक्की खात्री. तिथल्या सिस्टरनं दंडाला पट्टा गुंडाळला, बघितलं, तुला जरा वेळ शांत बसवलं आणि परत बघितलं. तू मला खुणावून म्हणालीस, पट्टा घट्ट बांधलाय हिनं. मग डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी चार गोष्टी सांगितल्या. मीठ कमी करा. रोज चाला. गोळी जेवणानंतर, रोज. आणि बरं वाटलं म्हणून स्वतःच्या मनानं बंद करायची नाही, कारण हे दुखणं दुखत नसतं. तू अशी काही मान हलवत होतीस की मला वाटलं, चला, पटलं हिला. बाहेर पडल्या पडल्या म्हणालीस, "मला काय व्हायलंय? चालतं-बोलतं माणूस हाय मी. डॉक्टरला माणूस दिसलं की रोगच दिसतो."

मग आपल्या घरात मिठाचं राज्य सुरू झालं. वरणाची दोन पातेली, एक तुझं, एक माझं. सासूनं सुनेच्या हातचं चाखून बघावं तसं मी तुझ्या पातेल्यातलं बोटानं चाखून बघायचो. लोणच्याची बरणी माळ्यावर ठेवली. तू काहीच बोलली नाहीस, तेव्हाच मला संशय यायला पाहिजे होता. मग एकदा बघतो तर तुझ्या साबुदाण्याच्या खिचडीत चांगलं मीठ. मी म्हणालो, हे काय आहे? तू म्हणालीस, सैंधव आहे. मी म्हणालो, म्हणजे मीठच ना?

"मीठ न्हाई ते. उपासाला चालतं."

"अगं, खारट लागतं ना?"

"खारट लागलं म्हणून काय मीठ झालं? आसू बी खारटच लागतात."

डॉक्टरांना विचारतो म्हणालो तर तू कानाला हात लावलास. देवाधर्माचं डॉक्टरला विचारत नसतात, म्हणालीस. हे तुझं वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं. आता ते माझ्या डोक्यात रोज वाजतं.

उन्हाळ्यात पापडांचा घाट घातलास तेव्हा तर मी गच्चीवर खुर्ची टाकूनच बसलो होतो. उडदाच्या पिठात मीठ वेगळं आणि पापडखार वेगळा, आणि कच्ची लाटी तेलात बुडवून खायची तुझी जुनी सवय. मी जरा पेपर वाचायला मान खाली घातली की तुझा गाल फुगलेला. "खाल्लीस ना?" म्हणालो, तर तोंडात घास ठेवून तू म्हणालीस, चव बघितली. कितव्यांदा, म्हणालो. तू म्हणालीस, "पापड बिघडला तर तुमालाच नाव ठेवायला तोंड फुटतं." समोरच्या गयाबाई लाटणं थांबवून हसत सुटल्या. त्याही तुझ्यासारख्याच, लाटी खाणाऱ्या. तुमच्या दोघींचं लग्न एकाच उन्हाळ्यात झालेलं, दोघी एकाच गल्लीत नांदायला आलेल्या. त्यांचे मालक गेले, मुलगा-सून आहेत, पण दिवसभराची बैठक तुझ्यापाशी.

तुझं चालणं पण मी तपासलं. पायात चपला अडकवून तू रोज संध्याकाळी बाहेर पडायचीस आणि बऱ्याच वेळानं यायचीस, घाम मात्र कधी नाही. एका संध्याकाळी मी मागून निघालो. तू गल्लीच्या तोंडापर्यंत गेलीस, वळलीस, आणि मागच्या बाजूनं येऊन गयाबाईच्या ओट्यावर बसलीस. मी लिंबाच्या आडून बघतोय, आणि तू तिथूनच ओरडलीस, "या की, चेकरसाहेब. बसा. तिकीट दाखवू का?" अख्खी गल्ली हसली. मी आठ दिवस तुझ्याशी बोललो नाही. नवव्या दिवसापासून तू खरंच चालायला लागलीस, माझ्याबरोबर, पाण्याच्या टाकीपर्यंत आणि परत. ते दिवस चांगले होते, मंदा. तू वाटभर कोणाचं काय चाललंय ते सांगायचीस, मी पुढं चालायचो आणि तू म्हणायचीस, गाडी सुटायलीय का? तेव्हा तुला कधी म्हणालो नाही, पण ती संध्याकाळची चक्कर मला दिवसभर पुरायची. आता मी त्या रस्त्यानं जात नाही.

पण गोळीच्या बाबतीत मला शक घ्यायला तू जागाच ठेवली नव्हतीस. दुपारी जेवणं झाली की माझ्यासमोर डबा उघडायचीस, पट्टीतून गोळी काढायचीस, तळहातावर ठेवून माझ्यापुढं धरायचीस. बघा, दिसली? आणि पाणी प्यायला आत जायचीस. माठावरच्या तांब्याचा आवाज यायचा. मी समाधानानं आडवा व्हायचो. वर्षानुवर्षं हेच. उपवासाच्या दिवशीही हेच, डबा, पट्टी, तळहात, तांब्या.

तरी प्रेशर एका जागी बसेना. हिवाळ्यात जरा बरं असायचं, श्रावण लागला की चढायचं. मी म्हणायचो, दमट हवा. डॉक्टरांनी गोळी वाढवून दिली. त्यांनी तुला विचारलं होतं, ताई, गोळी रोज घेता ना? तू म्हणालीस, "रोज निघती की पट्टीतून. हे समोर बसून बघतात." डॉक्टर हसले, मी पण हसलो. उत्तर कसं दिलंस बघ. मी इतकी माणसं तपासली, पण तुझ्या उत्तरात गिळण्याचा शब्दच नव्हता, हे मला तू गेल्यावर कळलं.

ते कळलं गयाबाईंमुळं.

तू गेल्यापासून त्या रोज भाकरी-भाजी घेऊन यायच्या. शीतल म्हणायची, मावशी, आम्ही करतो आता. तरी यायच्या. आल्या की तुझ्या फोटोपुढं बसायच्या, पदर तोंडाला लावायच्या. पण माझ्याकडं बघायच्या नाहीत. नजर सारखी देवघराशेजारच्या फळीवर. तिथं तुझ्या गोळ्यांचा डबा. एक दिवस मी मुद्दाम तो डबा उचलून कपाटात ठेवला आणि बसून राहिलो. गयाबाई आल्या, रिकाम्या फळीकडं बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. मी मनात म्हणालो, सापडलं. काय सापडलं ते माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी डबा परत फळीवर ठेवला, आंघोळीला जातो म्हणून आत गेलो, आणि पाणी सोडून लगेच बाहेर आलो. गयाबाईंचा हात डब्यात होता.

"काय शोधायलात, गयाबाई?"

त्या तशाच खाली बसल्या. डबा मांडीवर. "काय न्हाई, भाऊ."

"काय न्हाई कसं? हात कशाला घातला?"

डब्याचं झाकण लावलं, परत काढलं. मग म्हणाल्या, "गोळी पाहिजे होती. डोकं फुटायलंय दोन दिसांपासून."

"ती तिच्या प्रेशरची गोळी आहे. तुम्हाला कशाला?"

"तीच," गयाबाई म्हणाल्या. "मंदाबाई द्यायच्या मला. उपासाच्या दिवशी."

मला आधी समजेच ना. त्यांनी सांगितलं ते असं. गोळी जेवणानंतरची. उपवासाच्या दिवशी जेवण नाही. भगर, साबुदाणा, रताळं म्हणजे फराळ, त्याला जेवण म्हणत नाहीत. मग जेवणानंतरची गोळी उपाशी माणसानं कशी घ्यायची? पोटात आग पडली तर? आणि घेतल्यानं उपवास मोडला तर? म्हणून तू ती घेत नव्हतीस. पण पट्टीत शिल्लक ठेवली तर मी बघणार, बोलणार, उपवास बंद करायला लावणार. म्हणून तू ती काढायचीस, मला दाखवायचीस, आणि आत जाऊन पदराच्या गाठीत बांधायचीस. तांब्या नुसता वाजवायचीस.

"मग त्या म्हणल्या, गयाबाई, औषध हाय, टाकवत न्हाई. तुमचं बी डोकं दुखतंय ना माझ्यासारखं, तर तुमी घ्या. मला लागू पडली तर तुमाला बी पडंल. मी घ्यायची. लय हलकं वाटायचं, भाऊ. सोमवार, चतुर्थी, एकादस. मंदाबाईचा उपास असला की माझं डोकं उतरायचं."

मी विचारलं, तुम्ही स्वतः दवाखान्यात का गेला नाहीत? गयाबाई म्हणाल्या, एकदा ती गोळी लागली की जन्मभर सुटत नाही म्हणतात. सून म्हणेल म्हातारी कामातून गेली. पण अशी मधूनमधून घेतली तर लागत नाही ना.

बघ मंदा, काय कारभार केलात दोघींनी. एक बाई गोळी चालू असून सोडून सोडून खाते, दुसरी चालू न करता मधूनमधून खाते. दोघींच्या मिळून एकीचं औषध व्यवस्थित चाललं होतं. श्रावणात तुझं प्रेशर चढायचं ते हवेनं नाही, सोमवार-शनिवारांनी. आणि नवरात्रात तर ओळीनं रोज. घट बसले त्या दिवसापासून तू एकही गोळी पोटात घातली नव्हतीस. माझ्यासमोर बसून, रोज तळहातावर दाखवून.

"नवरात्रात?" मी विचारलं. एवढंच विचारलं.

गयाबाईंनी मान हलवली. "रोज," म्हणाल्या. "अष्टमीची तेवढी राहिली."

मी त्यांना म्हणालो, तुम्ही घरी जा. आवाज चढला असणार, कारण शीतल आतून धावत आली. गयाबाई डबा तिथंच ठेवून गेल्या. चपलासुद्धा विसरल्या. शीतलला मी काय सांगू? मी तिला म्हणालो, तुझ्या आईची मारेकरी सापडली. पोरीनं असं बघितलं माझ्याकडं की मी मान फिरवली.

तीन-चार दिवस माझ्या डोक्यात तेवढंच. गल्लीत सांगायचं. त्यांच्या मुलाला ओट्यावर बोलावून, चार माणसांत सांगायचं की तुझ्या आईनं माझ्या बायकोचं औषध खाल्लं. वाक्यं तयार होती माझ्याजवळ. मधेच तुझा राग यायचा. अगं, तीस-पस्तीस वर्षं एका ताटापाशी बसलो, आणि तुला मला एवढं सांगता आलं नाही की अहो, उपवासाची गोळी कशी घेऊ? मला चुकवलंस ते चुकवलंस, वर तांब्या वाजवलास. तो आवाज ऐकून मी झोपायचो. आता मी दुपारी झोपत नाही, माहीत आहे का तुला?

भाकरी यायची बंद झाली. मग एका सकाळी गयाबाईंची सून दारात. "काका, आत्या उठंनात. डोकं लय दुखायलंय म्हणतात, उलटी झाली. तुमच्याकडं मशीन हाय ना?" मला वाटलं, नाटक आहे. मी बोलू नये म्हणून आजारपणाचं सोंग. खरं सांगतो, दार ओलांडेपर्यंत मला तसंच वाटत होतं. मग त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. आकडा आला तो बघून मी पट्टा सोडला, त्यांना जरा वेळ पडू दिलं, आणि परत बांधला. तोच. ते सोंग नव्हतं. मी सुनेला म्हणालो, रिक्षा बोलव.

आपल्याच डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी आधी प्रेशर हळूहळू उतरवलं, हृदयाचा ईसीजी काढला, रक्त-लघवी तपासायला दिली. मग विचारलं, आधी काही औषध चालू होतं का? गयाबाई माझ्याकडं बघायला लागल्या. मी सांगितलं, हो, माझ्या बायकोचं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मी सगळं सांगितलं. ते गयाबाईंना रागावले, पण हळू. म्हणाले, आजी, दुसऱ्याची गोळी आपली नसते, तुमच्या किडनीला काय चालतं ते बघूनच तुमची देणार, आणि मधूनमधून खाल्ली तर प्रेशर झोक्यासारखं वरखाली होतं, ते जास्त वाईट. सैंधव, पापड, लोणचं, सगळं मीठच धरायचं, असंही सांगितलं. गयाबाई तुझ्यासारखीच मान हलवत होत्या.

निघताना मी थांबलो. म्हणालो, साहेब, एक विचारतो. जेवणानंतरची गोळी उपवासाच्या दिवशी कशी घ्यायची?

"कशी म्हणजे? पाण्याबरोबर."

"रिकाम्या पोटी?"

"चालते. या गोळीचा आणि जेवणाचा काही संबंध नाही."

"मग जेवणानंतर असं का सांगता?"

डॉक्टर माझ्याकडं बघत राहिले. त्यांनाही मी काय विचारतोय ते तेव्हा लक्षात आलं असावं. म्हणाले, "लक्षात राहावं म्हणून सांगतो, काका. जेवायचं कोणी विसरत नाही."

बस, एवढंच होतं. डॉक्टरला देवाधर्माचं विचारत नसतात म्हणालीस, आणि विचारलं असतं तर उत्तर एका शब्दाचं होतं. मी बाहेर आलो आणि बाकड्यावर बसलो. मला वाटत होतं, चोर सापडला की राग निवेल. राग करायला समोर कोणी उरलंच नाही. डॉक्टर खरं बोलले होते. मेडिकलवाला खरा, मशीन खरं, तूही तुझ्या परीनं खरीच. मी तिथं बसून रडलो, मंदा. तुझ्या अंत्यविधीला रडलो नाही तो दवाखान्याच्या व्हरांड्यात, लोकांसमोर.

गयाबाई शेजारी येऊन बसल्या. सून औषधं आणायला गेली होती. त्यांनी बराच वेळ हातातली चिठ्ठी उलटी-सुलटी केली. मग विचारलं, "भाऊ, माझ्यामुळं गेल्या का हो मंदाबाई?"

आणि मी बघितलं, चिठ्ठीचा तिच्या मुठीत चोळामोळा झाला होता. हा प्रश्न घेऊन ती रोज आपल्या घरी भाकरी आणत होती. मी जे म्हणेन ते ती आयुष्यभर धरून बसणार, हे मला कळत होतं. वाक्यं माझ्याजवळ तयार होती, सांगितलं ना.

मी म्हणालो, "न्हाई. तुमी नसत्या तरी तिनं ती घेतली नसती. तुळशीत टाकली असती. तुमचा काय संबंध?"

"खरं?"

"खरं."

त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. मग सून आली आणि आम्ही रिक्षात बसलो.

आता तुला सांगतो. तू गोळी तुळशीत टाकली नसतीस. तू कधी शिळी भाकरी टाकली नाहीस, तुटलेलं बटण टाकलं नाहीस, औषध कुठलं टाकतेस? घ्यायला गयाबाई नसत्या तर त्या गोळ्या पदरात साठल्या असत्या, तुला त्यांचं काय करावं सुचलं नसतं, आणि एक ना एक दिवस तू माझ्यापुढं ठेवून म्हणाली असतीस, अहो, यांचं काय करू? मग मी डॉक्टरांना विचारलं असतं. ते मला राहून राहून दिसतं. हे गयाबाईंना मी कधी सांगणार नाही, शीतललाही नाही. तू त्यांना जपलंस, तर आता मलाही त्यांना जपावं लागणार. कदाचित त्या अजून चालत्या-बोलत्या आहेत त्या तुझ्या उपवासांवरच. यासाठी तुझे पाय धरू की तुझ्याशी भांडू, ते मला ठरवता येत नाही. दोन्ही करायला तू पाहिजे होतीस.

उद्या सोमवार आहे. गयाबाईंनी तुझ्या नावानं उपवास धरलाय. मी सकाळी पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्या ओट्यावर जाणार आहे, आणि गोळी गिळून त्या तोंड उघडून दाखवेपर्यंत तिथंच उभा राहणार आहे.